वैद्यापाशी किती बोलावे?

आपल्या देवळांत गाऱ्हाणे घालण्याची जी चाल आहे, तिच्यातील एक गोष्ट आम्हांस नेहमीच विशेष वाटत आली आहे. गाऱ्हाणे मनातल्या मनात घालता येत नाही. ते मोठ्याने, चारचौघांच्या देखत घातले जाते. कोणाचा मुलगा दूरदेशी आहे, कोणाच्या सुनेची कूस उजवत नाही, कोणाचा भावाशी तंटा आहे, हे सारे नावागावासह देवाच्या कानी जाते आणि जाता जाता मंडपात बसलेल्या सगळ्यांच्या कानी जाते. त्याचे कोणास काही वाटत नाही. परंतु तोच मनुष्य वैद्याच्या खोलीत शिरला की त्याची जीभ आखडते. देवाला सारे ठाऊक असते, तरी त्यास आपण सगळे सांगतो. वैद्यास काहीच ठाऊक नसते, आणि त्यास मात्र आपण निवडून सांगतो!

हा विचार आमच्या मनात घोळू लागला तो गेल्या भाद्रपदात, भोपाळ येथे. तेथे नेहरू नगराला लागून असलेल्या कोटरा सुल्तानाबाद या वस्तीत आमच्या एका दिवंगत मित्राचे कुटुंब राहते. मूळचे हे लोक सावंतवाडीकडचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबांना आपली बिऱ्हाडे तिकडे हलवावी लागली. मित्राचे वडील त्यांपैकीच. ते १९५७ च्या उन्हाळ्यात गेले. घरात आजी कोंकणी बोलते, सून व नातवंडे मराठी बोलतात, आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. गणपती अजून पाच दिवसांचा असतो. नैवेद्याच्या पातोळ्यांना हळदीची पाने हवीत, ती बाजारात मिळण्याची खात्री नाही, म्हणून आजीने मागच्या अंगणात कुंड्यांतून हळद लावली आहे. अशा घरात आम्ही पाहुणे म्हणून उतरलो होतो.

घरातील थोरला मुलगा २७ वर्षांचा आहे. एका खाजगी कचेरीत तो हिशेब पाहतो आणि त्याच्या हातचा ताळेबंद पुन्हा तपासावा लागत नाही असे त्याच्या वरिष्ठांचे म्हणणे आहे. दोन वर्षांपूर्वी तज्ज्ञांनी त्याची रीतसर तपासणी करून स्वमग्नता, म्हणजे ज्यास ऑटिझम म्हणतात ती अवस्था, असल्याचे सांगितले. लहानपणापासूनचे त्याचे अनेक विशेष एका नावाखाली आले. डोळ्यांस डोळा न भिडविणे, शब्दाचा अर्थ जसाच्या तसा घेणे, कुकरची शिट्टी सहन न होणे, ठरलेला क्रम मोडला की कासावीस होणे, हे सारे घरच्यांना ठाऊकच होते. नाव नवीन होते एवढेच. आणि नाव आले तसा एक प्रश्नही आला, की हे नाव कोणास सांगावयाचे?

आम्ही गेलो त्या वेळी त्याच्या पित्ताशयात खडे निघाले होते व शस्त्रक्रिया ठरावयाची होती. घराचे नेहमीचे डॉक्टर आपल्या समाजातलेच, सज्जन, उत्सवसमितीवरचे. तेच पुढे शल्यवैद्याकडे पाठविणार होते. त्यांना अद्याप काही सांगितलेले नव्हते. मुलाचे म्हणणे, काय करावे ते ठरविले पाहिजे. आईचे म्हणणे, ठरवावयाचे काय त्यात, सांगायचे नाही. आजी पातोळीला पीठ लावता लावता म्हणाली, “सगळें सांगूंक जाय अशें खंय बरयलां?” सगळे सांगितलेच पाहिजे असे कुठे लिहिले आहे? आणि मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले.

आम्ही उत्तर दिले ते वयाला साजेसे, म्हणजे न विचारता दिले. आम्ही म्हणालो, सत्य ते सत्य. वैद्यापासून काही लपवू नये. त्यावर तो मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत म्हणाला, “काका, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना सगळं सांगता?” त्याच्या विचारण्यात खोच नव्हती, त्याला माहिती हवी होती. रक्तदाबाची गोळी आम्ही गेले वर्षभर अर्धीच घेत आहोत आणि डॉक्टरांपुढे पूर्ण घेतो असे सांगत आहोत, हे आम्हांस त्या क्षणी आठवले. आम्ही पाणी मागितले.

वास्तविक आजीच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते लिहिलेलेही आहे. चरकाने सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या अंगी जे चार गुण असावेत त्यांत स्मृती आहे, सांगितल्याप्रमाणे वागणे आहे, निर्भयता आहे, आणि चौथा गुण आहे ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते आहे ते वैद्यास कळविण्याचे सामर्थ्य. रोगी म्हणजे नुसता निजून राहणारा देह नव्हे, तोही चिकित्सेचा एक पाय आहे, ही कल्पना आम्हांस फार उदात्त वाटते. परंतु हीच कल्पना या मुलाच्या बाबतीत अडते. स्वमग्न माणसांपैकी अनेकांना स्वतःच्या शरीरातील खुणाच नीट उमगत नाहीत. भूक, ताप, वेदना आहे हे कळते, पण किती आहे, कोठे आहे, हे शब्दांत उतरत नाही. आणि जे शब्दांत उतरते ते चेहऱ्यावर उतरत नाही. ज्याचे ज्ञापकत्वच निसर्गाने निराळे घडविले आहे, त्याने वैद्यास काय कळवावे? निदान एवढे, की माझे कळविणे निराळे आहे? की तेही नको?

नको म्हणणाऱ्या आईचे मन समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण तिचे नको हे अज्ञानाचे नाही, अनुभवाचे आहे. निदानानंतर काही महिन्यांनी मुलाची दाढ दुखू लागली. तेव्हा तिने स्वतःच दंतवैद्यास आधी सगळे सांगितले. परिणाम असा झाला की त्या गृहस्थांनी मुलाशी बोलणेच सोडून दिले. ते आईशी बोलू लागले. “याला राग येतो का? हा चावणार नाही ना?” मग मुलाकडे वळून, बहिऱ्याशी बोलावे तशा उंच आवाजात, “बाळ, तोंड उघड!” बाळ २५ वर्षांचे होते. दाढेचे मूळ साफ करून ती वाचविता आली असती. पण त्यास तीनचार बैठका लागतात, आणि हा मुलगा तेवढे सहकार्य करणार नाही असे त्यांनी त्याला न विचारताच ठरविले. दाढ काढून टाकली. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “मी बसलो असतो. मला किती मिनिटं ते सांगितलं असतं तर मी बसलो असतो.” आई आम्हांस म्हणाली, “भाऊजी, सांगितल्याची किंमत एक दाढ झाली. आता पोटाचं ऑपरेशन आहे.”

यावर आम्हांस काही बोलता आले नाही. दूरदेशीची एक गोष्ट मात्र आठवली, ती तिला सांगण्याचे धैर्य झाले नाही. इंग्लंडात ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा १८ वर्षांचा स्वमग्न तरुण होता. त्यास अपस्माराचाही विकार होता. विशिष्ट वर्गाची औषधे आपल्याला सोसत नाहीत हे त्याने व त्याच्या आईवडिलांनी रुग्णालयात सांगितले होते. तरी तसले औषध दिले गेले, आणि २०१६ साली तो मरण पावला. तेथे काही लपविलेले नव्हते. सारे सांगितले होते. ते कोणी ऐकले नव्हते. पुढे त्याच्या आईने जो लढा दिला त्याचे फळ म्हणून तेथील २०२२ च्या कायद्याने आरोग्यसेवकांना स्वमग्नतेसंबंधी शिक्षण घेणे बंधनकारक झाले. वैद्यास सांगावे की नाही या प्रश्नाचा अर्धा भाग सांगणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे आहे, हे आपण प्रथमच मान्य केलेले बरे. उपदेश मात्र आपण नेहमी सांगणाऱ्यालाच करतो.

आता दुसरी बाजू. तीही त्याच घरातली आहे. निदान व्हायच्या आधी, म्हणजे सुमारे तीन वर्षांपूर्वी, या मुलाच्या पोटात दुखू लागले. तो एकटाच एका दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी विचारले, दहापैकी किती दुखते? तो विचारात पडला. दहा म्हणजे कोणते दुखणे, हे ठरविल्यावाचून उत्तर कसे द्यावयाचे? तो म्हणाला, “माहीत नाही.” तो ताठ उभा होता, आवाज सपाट होता, कपाळाला आठी नव्हती. डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या रात्री आंत्रपुच्छ फुटले. पुढे रुग्णालयात दिव्याची उघडझाप, गाड्यांचा खडखडाट आणि हातावरच्या चिकटपट्टीचा स्पर्श त्याला असह्य होऊन त्याने पट्टी ओढून काढली, तेव्हा दोघांनी त्याचे हात धरून ठेवले, आणि कागदावर शेरा पडला की रोगी हट्टी आहे. जीव वाचला तो ईश्वराची कृपा आणि शल्यवैद्याचे कौशल्य.

मुलाने स्वतःच आम्हांस विचारले, “कर्णाला किडा पोखरत होता तेव्हा त्याला दुखत नव्हतं असं कुणी म्हणतं का?” महाभारतातील हा प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकला, पण असा कधी ऐकला नव्हता. कर्णाने परशुरामापासून आपले कुळ लपविले. गुरूचे मस्तक मांडीवर, खालून किडा मांडी पोखरतो आहे, आणि गुरूची झोप मोडू नये म्हणून हा हूं की चूं करीत नाही. रक्त वाहिले, गुरू जागा झाला, आणि त्या न कण्हण्यावरूनच त्याने ताडले की हा सांगतो तो नव्हे. तेथे गुरूने निदान वेदना पाहिली आणि मग ती सोसणाऱ्याविषयी तर्क केला. येथे वैद्याने सोसणे पाहिले आणि वेदनाच नाही असा तर्क केला. न बोललेली गोष्ट देह बोलून दाखवितो असा आपला विश्वास असतो. काही देह तीही बोलून दाखवीत नाहीत.

इंग्लंडातच २०२२ साली डॉ. मेरी डोहर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. डॉ. डोहर्टी या भूलतज्ज्ञ आहेत आणि स्वतः स्वमग्न आहेत. पाहणीत ५०७ स्वमग्न प्रौढांनी उत्तरे दिली. त्यांपैकी १०० मागे ८० जणांनी डॉक्टरांकडे जाणे कठीण पडते असे सांगितले, आणि इतरांत हे प्रमाण १०० मागे ३७ होते. अडचणींत सर्वांत मोठी कोणती, तर आपले लक्षण डॉक्टरांकडे नेण्याजोगे आहे की नाही हेच ठरविता न येणे. १०० मागे ७२ जणांनी ती सांगितली. आमच्या या मुलाने पोट दुखत असता दवाखाना गाठला हेच मुळी त्याच्या बाजूने मोठे कर्म होते. ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

तेव्हा न सांगितल्याने आंत्रपुच्छ फुटले आणि सांगितल्याने दाढ गेली. दाढेपेक्षा जीव मोठा, म्हणून सांगावे, असा हिशेब करून कोणी मोकळा होईल. तो हिशेब आम्हांस पुरेसा वाटत नाही. कारण प्रश्न केवळ हानिलाभाचा असता तर आई एवढी अडून बसली नसती. तिची खरी भीती निराळीच होती. ती तिने आम्हांस मुलगा बाहेर गेल्यावर सांगितली. धाकट्या मुलीचे स्थळ पाहणे चालू आहे. डॉक्टर समाजातले. डॉक्टर काही बोलणार नाहीत, पण दवाखान्यात एक रोगी तपासला जात असता दुसरा बाकावर बसलेला असतो, तिसरा दारात डोकावत असतो. मोठ्या रुग्णालयातही तीच कथा. सरकारी ओळखपत्रावर अवस्थेचे नाव छापलेले असते. ते खिडकीवर दाखविले की कारकुनास कळले, शिपायास कळले. मग आरतीला उभे राहिले की बायका मुलीकडे पाहणार. “वहिनी, असे कोण पाहणार?” असे आम्ही म्हणून गेलो, आणि म्हणताक्षणीच आम्हांस ठाऊक होते की पाहतील. आम्हीच कितीकदा पाहिले आहे. एखाद्या घरच्या मुलाला मंडपात कधी आणीत नाहीत, तेव्हा ‘काहीतरी आहे’ असे हलक्या आवाजात बोलणाऱ्यांत आम्ही होतो.

गोव्यातील संगाथ ही संस्था १९९६ पासून मनोविकार व बालविकास या क्षेत्रांत काम करीत आली आहे. तिचे काम पुढे भोपाळ व सीहोरकडेही पोहोचले. तिच्या डॉ. गौरी दिवाण व सहकाऱ्यांनी गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी बोलून केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ही कुटुंबे आरंभी समाजातून अंग काढून घेतात, त्यांना अपमान सोसावे लागतात, असे त्यात नोंदले आहे. आणि आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती आपल्या वाचकांनी विशेष पाहावी: या कुटुंबांच्या गरजा ज्यांना नीट ठाऊक नाहीत अशा जाणत्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, आणि धर्मक्षेत्रातील मंडळीही आहेत. म्हणजे गाऱ्हाणे जेथे घालावयाचे तेथेही.

आईच्या भीतीला इतिहासही आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेस वैद्यकात स्थान दिले. पण पुढे काही दशके मोठमोठे पंडित या मुलांच्या आयांना दोष देत राहिले. आईच्या मनाचा गारठा मुलात उतरतो, असे १९६७ साली देखील एका गाजलेल्या ग्रंथातून सांगितले गेले. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्याचे खंडन केले होते, आणि १९७७ मधील जुळ्यांच्या अभ्यासाने हा जन्मजात, वंशगत घटकांचा भाग आहे हे दाखवून दिले. वैद्याच्या दारात जाऊन आपले मूल उघडे करणाऱ्या आईला वैद्यानेच आरोपी करावे, असे पुष्कळ वर्षे झाले. ते जगभरच्या आयांच्या अजून अंगात आहे.

कॅनरच्या त्या अकरा मुलांतील पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, याची कथा आम्हांस या प्रश्नापुरती फार बोधक वाटते. तो मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. १९३८ साली त्याला कॅनरकडे नेण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी ३३ पानांचे टंकलिखित पत्र लिहून मुलाचे सारे विशेष वैद्यास कळविले. या अवस्थेविषयीच्या वैद्यकज्ञानाचा आरंभच असा एका बापाने वैद्यापाशी केलेल्या निवेदनातून झाला आहे! त्या निवेदनावाचून कॅनरला फारसे काही उमगते ना. आणि कॅनरने ते ज्ञान जगापुढे मांडले तेव्हा मुलाचे आडनाव दिले नाही. नावापुढे एक आद्याक्षर. डोनाल्ड मोठा झाला, बँकेत नोकरीस लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळू लागला. गावाला सारे ठाऊक होते. २०१० च्या सुमारास दोन पत्रकार त्याचा शोध घेत त्या गावी गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांनाच दटावले, की याला त्रास द्याल तर आमच्याशी गाठ आहे. २०२३ साली, ८९ व्या वर्षी, तो त्याच गावी वारला. आपल्या समाजात असे एखादे गाव आहे काय, याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

परंतु त्या ३३ पानांतही एक गोष्ट राहून जाते. ती पाने बापाने लिहिली. डोनाल्ड तेव्हा पाच वर्षांचा होता, तेव्हा ते योग्यच. आमचा मुलगा २७ वर्षांचा आहे. दंतवैद्याकडे जी चूक झाली तिचा आरंभ दंतवैद्यापाशी नव्हता, हे बोलावयास कठीण, पण खरे आहे. आईने मुलाला न विचारता, त्याच्या आधी आत जाऊन, त्याच्या वतीने सांगितले. ज्याच्याविषयी दुसरा बोलतो तो श्रोत्याच्या लेखी लहानच होतो. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची आई जबाला हिची कथा आहे. मुलाने गोत्र विचारले, तेव्हा तिने लाज न बाळगता जे होते ते त्याला सांगितले. पण ती त्याच्याबरोबर गौतमाच्या आश्रमात गेली नाही. सांगणारा सत्यकाम होता. सत्य त्याच्या हाती देऊन ती घरी राहिली. त्या कथेची थोरवी आपण सत्यकामाच्या धैर्यात पाहतो. आम्हांस त्या दिवसापासून घरी थांबलेली जबाला अधिक दिसू लागली आहे.

येथे कोणी विचारील, की मग न सांगणे हे असत्य नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. विचारलेल्या गोष्टीला खोटे उत्तर देणे निराळे, आणि न विचारलेली गोष्ट आपल्यापाशी ठेवणे निराळे. विम्याच्या अर्जात प्रश्न छापलेलाच असेल तर तेथे पर्याय नाही. तो करार आहे. परंतु चष्म्याचा नंबर काढावयास गेलेल्या मनुष्याने आपल्या अंतरंगाची घडण का सांगावी? महाभारतातला कौशिक, ज्याने लपलेल्या वाटसरूंची जागा लुटारूंना खरी खरी सांगितली, तो सत्यवादी असूनही नरकात गेला. सत्य कोणाच्या हाती देतो यालाही आपल्या शास्त्राने महत्त्व दिले आहे. मग वैद्याच्या हाती द्यावे की नाही? आमचे मत असे बनत गेले की वैद्यास सांगणे ही कबुली नव्हे, ती ठेव आहे. कबुली देणारा खाली मान घालतो. ठेव ठेवणारा मान खाली घालीत नाही. बांधला जातो तो ठेव घेणारा. चरकाच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत असे बजाविले आहे. आपल्या देशातील वैद्यकव्यवसायाच्या २००२ च्या नियमांतही रोग्याचे गुपित राखण्याचे बंधन आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेस नाव घेऊन स्थान दिले आहे. कायद्याने बाकावरचा दुसरा रोगी उठून बाहेर जात नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणून ठेव कोणापाशी, केव्हा आणि किती ठेवावी, हे ज्याची आहे त्यानेच ठरवावे.

हे सारे आम्ही त्या घरी अशा सुसंगत रीतीने बोललो नाही. पाचव्या दिवशी विसर्जनानंतर आम्ही एवढेच म्हणालो, की शस्त्रक्रियेत भूल देतात. शुद्धीवर येताना तू कोठे आहेस हे तुला न कळून तुझी वाचा बंद झाली, किंवा कोणी अंगाला हात लावताच तू तो झिडकारलास, तर ते का, हे तेथल्या एका तरी माणसास आधी ठाऊक असावे. त्यापलीकडे आमचा आग्रह नाही. आईला आम्ही काहीच म्हणालो नाही. तिने त्या रात्री मुलाच्या तपासणीच्या कागदांची फाइल आपल्या कपाटातून काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

त्याने चार दिवस घेतले. मग एक चिठ्ठी लिहिली, मराठीत नव्हे, हिंदीत, कारण वाचणारे हिंदी वाचणार. पहिल्या ओळीत अवस्थेचे नाव. त्याखाली: माझ्याशीच बोला. एका वेळी एक प्रश्न विचारा. दुखते का असे विचारू नका, काय करता येत नाही ते विचारा. हात लावण्यापूर्वी सांगा. किती वेळ लागेल ते मिनिटांत सांगा. तिच्या दोन प्रती काढल्या. एक शल्यवैद्यासाठी, एक भूलतज्ज्ञासाठी. “आणि घरच्या डॉक्टरांना?” आम्ही विचारले. तो म्हणाला, “त्यांना फक्त चिठ्ठी लिहून पाठवायचंय. त्यांना कशाला?” अनोळखी माणसांना त्याने सांगितले आणि ओळखीच्याला सांगितले नाही. आम्ही याच्या नेमके उलट केले असते. पुष्कळ विचार केल्यावर आम्हांस त्याचेच बरोबर वाटते.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. भूलतज्ज्ञ बाईंनी चिठ्ठी वाचून त्यालाच विचारले, की उठशील तेव्हा खोलीत दिवा असावा की नसावा. हा प्रश्न त्याला इतका आवडला की त्याने तो आम्हांस दूरध्वनीवर दोनदा सांगितला. पुढे एका समारंभात घरचे डॉक्टर आम्हांस भेटले आणि सहज म्हणाले, “मुलगा हुशार आहे, पण जरा वेगळाच वाटतो, नाही?” आम्ही म्हणालो, “खडे मोठे होते म्हणे.” आणि चहाकडे वळलो.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही त्याच्याकडे पाठविला. आजाराचे नाव, नाती आणि आणखी काही तपशील त्याच्या संमतीने बदलले आहेत. वस्तीचे नावही बदलू काय, असे विचारले, तेव्हा त्याने कळविले की ते राहू द्यावे. कोटरा सुल्तानाबादेत असा मनुष्य एकच आहे असे कोणी का समजावे? दोन वाक्ये त्याने खोडली, ती आम्ही गाळली आहेत. दाढेची हकीगत ठेवा म्हणाला. आणि आजोबा भोपाळला गेल्याचे साल आम्ही १९५६ लिहिले होते, ते त्याने १९५७ केले.